पंचवीस मिलिसेकंद

अण्णांना ऑपरेशनसाठी आत न्यायची वेळ दुपारी चारची ठरली होती, आणि सकाळी नऊ वाजता अण्णांनी चादरीखालून नीलांबिकेचा अंगठा धरला तो सोडेचनात.

मिरजेच्या त्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिघंच होती. खाटेवर अण्णा, उशाशी नीलांबिका, आणि खिडकीत पुण्याहून आलेला तिचा धाकटा भाऊ चन्नवीर. अण्णा म्हणजे बसलिंगप्पा कोरे. वय अठ्ठ्याहत्तर. सांगलीच्या मार्केट यार्डात पन्नास वर्षं हळदीची अडत केलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढलं. हात कापत असल्यामुळे लिहून सांगणंही जमत नव्हतं. उरले होते ते ढेकरेच्या हवेवर कसेबसे काढलेले तीन-चार खरखरीत शब्द : 'नीला', 'चहा', 'हूं', आणि फारच वैतागले तर 'शिवा शिवा'.

बाकी सगळं बोलणं कंठिकेचं. कंठिका म्हणजे गळ्याभोवती बसणारा दोन बोटं रुंदीचा पट्टा. आवाज गेलेला माणूससुद्धा बोलायला गेला की त्याच्या गळ्याचे स्नायू हलतात. पट्ट्यातले सहा सेन्सर ती हालचाल टिपतात, आतलं छोटं बोर्ड त्यातून शब्द ओळखतं, आणि ते शब्द त्या माणसाच्या जुन्या आवाजात बाहेर पडतात. अण्णांचा जुना आवाज मिळाला तो यार्डातल्या लिलावांच्या रेकॉर्डिंगमधून, त्यामुळे घरात मीठ मागतानाही ते बोली पुकारल्यासारखं मागत. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यात पट्ट्याची वायर रोज अडकायची आणि नीलांबिका रोज ती सोडवायची.

आज तो पट्टा निघून त्याच्या जागी कातडीखाली बोर्ड बसणार होतं. गळ्यातल्या तीन मज्जातंतूंची टोकं सोडवून थेट त्याला जोडायची, म्हणजे बोलणं दुप्पट वेगानं होईल. मात्र ती टोकं एकदा वळवली की परत फिरणं नाही. ढेकरेच्या हवेवरचे ते तीन-चार शब्द कायमचे जाणार. डॉक्टर सरनोबतांनी परवा कॅमेऱ्यासमोर अण्णांना हे सगळं नीट समजावून विचारलं होतं, आणि कंठिका म्हणाली होती, "हो, करून टाका. माझी काही हरकत नाही."

"भीती वाटतेय का, अण्णा?" नीलांबिकेनं विचारलं.

"नाही गं. सगळं चांगलंच होणार आहे," कंठिका म्हणाली. लगेच, एका दमात.

अंगठा मात्र सुटला नाही. अण्णा तिच्याकडे बघतही नव्हते, छताकडे बघत होते. चन्नवीर म्हणाला, आक्का, तू त्यांच्या चहात साखर घालत नाहीस म्हणून तुला पकडून ठेवलंय. ती हसली आणि तिनं हळूच अंगठा सोडवून घेतला. नखाच्या बाजूला लाल वण उठला होता.

तिला सांगलीला जाऊन यायचं होतं. आठ महिन्यांत कंठिकेनं अण्णांच्या गळ्याच्या ज्या सवयी शिकून घेतल्या होत्या, त्या नव्या बोर्डात उतरवायच्या होत्या. कंपनीचा माणूस हुबळीत अडकला होता. डॉक्टर म्हणाल्या, तुम्हीच करा की, तुमच्याइतका हा पट्टा कोणी उघडलेला नाही. ते खरंच होतं. नीलांबिकेचं शिक्षण बारावी, तेही कॉमर्स. पण यार्डाच्या मागच्या बोळात तिचं दुरुस्तीचं दुकान वीस वर्षं चाललं होतं. वजनकाटे, शीतगृहांचे कंट्रोलर, कानाची यंत्रं, जे इतरांनी मेलं म्हणून टाकून दिलं ते सगळं तिच्याकडे यायचं. शिकली ती जळकी बोर्डं उघडून आणि रात्रशाळेत जावं तशी परक्यांचे व्हिडिओ बघून.

तिनं अण्णांच्या गळ्यातून पट्टा काढला, अकरा वाजेपर्यंत आणते म्हणाली, आणि स्कूटर काढली.

दुकानात काम अर्ध्या तासाचं होतं. पट्टा टेबलावर, मेमरी कार्ड कॉम्प्युटरला, शेजारी नवं बोर्ड. माहिती उतरवताना कार्डावरची नोंदवही समोर उघडली, आणि सवयीनं तिनं ती वाचायला घेतली. सेन्सरकडून वेळेत उत्तर आलं नाही की तिथे 'रिकामं' अशी नोंद होते. दिवसाला चार-दोन तर व्हायच्याच. कालच्या दिवसात तीनशे बारा होत्या.

ती चपापली.

या नोंदींमागे तिचीच एक करामत होती. कंठिकेत मुख्य बोर्ड आणि सहा सेन्सर यांच्यात फक्त दोन तारा असतात. एका तारेवरून मुख्य बोर्ड ठोके देतं, दुसरीवरून त्या ठोक्यांच्या तालात माहिती येते-जाते. सगळ्यांनी त्याच दोन तारा वाटून घ्यायच्या. हा कारभार सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. या कारभारात सेन्सरला एक सवलत असते. त्याचं उत्तर तयार नसेल तर तो ठोक्यांची तार खाली ओढून धरू शकतो. तार खाली आहे तोवर मुख्य बोर्डानं पुढचा ठोका द्यायचा नाही, गप्प उभं राहायचं. सेन्सरनं तार सोडली की मग पुढे.

आठ महिन्यांपूर्वी कंठिका नवी होती तेव्हा अण्णा वाक्याच्या मधेच बंद पडायचे. दोन सेकंद, अडीच सेकंद शांतता. चन्नवीरची मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणायची, आजोबा हँग झाले. पाहुणे घड्याळ बघायचे. नीलांबिकेनं पट्टा उघडून तारांवर मीटर लावला, तर ठोक्यांची तार दोन-दोन सेकंद खाली दाबलेली. वीस वर्षांच्या अनुभवात असं दिसलं की अर्थ एकच : सेन्सर अडकला. सुटलेलं सोल्डरिंग, ओल, मेलेला पार्ट. कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये तीन सेकंद वाट बघायची मुभा होती. तिनं ती पंचवीस मिलिसेकंदांवर आणली. म्हणजे पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. तेवढ्यात उत्तर आलं तर ठीक, नाहीतर सेन्सरला झटका देऊन मोकळं करायचं, 'रिकामं' लिहायचं आणि पुढे जायचं. वरचा भाषेचा प्रोग्रॅम मागचेपुढचे शब्द बघून रिकाम्या जागा भरायला तरबेज होताच.

कंठिका घडाघडा बोलायला लागली. कंपनीनं तिची दुरुस्ती उचलली, सगळ्या पट्ट्यांमध्ये घातली आणि तिला एक प्रशस्तिपत्रक पाठवलं. ते समोरच्या भिंतीवर होतं. त्यात अकरा हजार वापरकर्त्यांच्या वतीनं आभार मानले होते.

आता तिनं नोंदी पुन्हा वरून खाली वाचल्या. खराब पार्ट कधी माणूस बघून खराब होत नाही. तो उन्हात बिघडेल, घामानं बिघडेल, कुठेही बिघडेल. या नोंदी तशा नव्हत्या. चहा मागताना एकही नाही. 'पंखा लाव', 'दार लोट' यात एकही नाही. चन्नवीरनं जमिनीचं विचारलं तेव्हा चौदा. आणि परवा, अकरा बेचाळीस, डॉक्टरांनी संमती विचारली तेव्हा 'हो' या शब्दापासून 'हरकत नाही'पर्यंत एकामागून एक नऊ.

तिनं पट्टा उचलला, सेन्सरच्या टिकल्या पुसल्या आणि स्वतःच्या गळ्याला बांधला. तारा मीटरला जोडल्या. पडद्यावर दोन हिरव्या रेघा धावायला लागल्या. ओठ मिटून, आवाज न काढता ती मनातल्या मनात म्हणाली, माझं नाव नीलांबिका. तिच्या गळ्यातून अण्णांचा लिलावाचा आवाज आला, "माझं नाव नीलांबिका." रेघा सरळ, कुठे अडथळा नाही. तिला हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

मग तिनं स्वतःला असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी याच मिरजेत आई व्हेंटिलेटरवर होती. अण्णा निजामाबादच्या हळद बाजारात होते, निरोप मिळताच निघाले. डॉक्टर म्हणाले, आता नुसतं यंत्र चाललंय, बाई आत नाहीत, यातनांना अर्थ नाही. नीलांबिका रात्रभर थांबली. सकाळी आठ वीसला तिनं यंत्र बंद करायच्या कागदावर सही केली. साडेनऊला अण्णा जिना चढून आले. त्यांनी एकच विचारलं, किती वाजता? तिनं सांगितलं. अण्णांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मग ते काढून खिशात टाकलं आणि पुन्हा कधी बांधलं नाही. त्या विषयावर त्यांनी तिला एक शब्द विचारला नाही. ते तर सगळ्यात वाईट होतं.

मी थांबायला हवं होतं का? तिनं विचारलं आणि उत्तर द्यायला गेली. 'मी' एवढं झालं आणि गळा आवळला. पडद्यावर ठोक्यांची रेघ खाली गेली ती खालीच राहिली. हनुवटीखालचे दोन सेन्सर तार धरून बसले होते. त्यांच्यात बिघाड काहीच नव्हता. स्नायू ताणलेला होता पण हलत नव्हता, आणि ते प्रामाणिकपणे सांगत होते की अजून उत्तर नाही. पंचवीस मिलिसेकंद झाले. ड्रायव्हरनं झटका दिला. रेघ वर उडाली.

"मी केलं ते बरोबरच केलं," तिचा गळा अण्णांच्या आवाजात म्हणाला.

तिनं हे म्हटलं नव्हतं.

नीलांबिकेनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. अंगठ्यावरचा लाल वण अजून होता. त्याच्याकडे बघता बघता तिला उपरणं आठवलं. ती सात-आठ वर्षांची असताना यार्डात जुने व्यापारी उपरण्याखाली हात घालून सौदा करायचे, आजूबाजूला माणसं दाटलेली आणि भाव फक्त दोघांच्या बोटांत. तर्जनी दाबली की शेकडा, मधलं बोट धरलं की निम्मा. ती अण्णांच्या मांडीला टेकून उभी असायची. एकदा तिनं विचारलं होतं, अंगठा धरला म्हणजे किती? अण्णा म्हणाले होते, अंगठा धरला म्हणजे आकडा नाही. अंगठा म्हणजे थांब, माझं अजून ठरलं नाही, पण मी उठूनही गेलेलो नाही. आणि समोरच्यानं अंगठा धरला असताना जो हात काढून घेतो, त्याच्याशी यार्डात कोणी पुन्हा सौदा करत नाही.

आज सकाळी हसत हसत तिनं हात काढून घेतला होता.

तिला आणखी एक नोंद बघायची होती, आणि बघायची नव्हती. दुरुस्तीनंतरची पहिली संध्याकाळ. पट्टा बांधून ती अण्णांसमोर बसली होती, आणि अण्णांनी तिच्याकडे बघून तोंड उघडलं होतं. "तू त्या वेळी केलंस ते बरोबरच केलंस," कंठिका म्हणाली होती. नीलांबिका त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला रात्री सलग झोप लागली. तिनं तारीख काढली. नोंदीत 'तू' हा शब्द होता, स्पष्ट, सहाही सेन्सरच्या सहीनिशी. त्यापुढे सगळं रिकामं.

तिच्याच पंचवीस मिलिसेकंदांनी तिला माफ केलं होतं.

हे कोणालाच कळलं नसतं. माहिती उतरवून बोर्ड नेऊन दिलं असतं तर चारपर्यंत सगळं पार पडलं असतं. घर सुखात होतं, अण्णा गोड बोलत होते, आणि ते एक वाक्य तिचं राहिलं असतं. ती बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बसली. अकरा कधीच वाजून गेले होते. फोन वाजला तेव्हा एक चाळीस झाले होते. चन्नवीर होता. आधीचं ऑपरेशन रद्द झालं, अण्णांना अडीचलाच आत घेतायत, पट्टा घेऊन लगेच निघ.

तिनं ड्रायव्हरची फाइल उघडली आणि आपला आकडा खोडला. जुने तीन सेकंदही परत घातले नाहीत. वाट बघण्यावरची मर्यादाच काढून टाकली. तार खरोखरच अडकली तर कळावं म्हणून पट्ट्यावरच्या बारीक पिवळ्या दिव्याला काम दिलं : तार खाली आहे तोवर जळत राहा. पट्टा पुन्हा स्वतःच्या गळ्याला बांधला, तोच प्रश्न विचारला. पिवळा दिवा लागला. पट्टा गप्प. दहा सेकंद, वीस सेकंद. तिचा गळा दुखायला लागला तरी तो गप्पच. तिनं पट्टा उतरवला आणि दुकान उघडंच टाकून निघाली.

दोन एकवीसला ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. अण्णांना हिरवे कपडे चढवून ढकलखुर्चीत बसवलं होतं, मांडीवर घडी केलेलं पांढरं उपरणं. ते आत न्यायचं नाही म्हणून नर्स समजावत होती आणि अण्णा सोडत नव्हते. डॉक्टर सरनोबत फाइल घेऊन उभ्या होत्या. नीलांबिकेनं तिथेच सगळं सांगितलं. आपलीच चूक, आपलाच आकडा, परवाचा होकार यंत्रानं भरलेला आहे, पुन्हा विचारा.

चन्नवीरनं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "आक्का, जन्मात हा माणूस माझ्याशी चार वाक्यं सरळ बोलला नव्हता. आठ महिने बोलतोय. रोज फोनवर बोलतो, माझं ऐकतो, हो म्हणतो. तू हेही काढून घेणार?"

"माझंही जातंय, वीरू," ती म्हणाली.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दहा मिनिटं दिली. नीलांबिकेनं अण्णांच्या गळ्याला पट्टा बांधला, लिंगाचा दोरा वायरीतून सोडवला. कॅमेरा सुरू झाला. डॉक्टरांनी परवाचाच प्रश्न त्याच शब्दांत विचारला.

अण्णांचे ओठ हलले. "हे..." कंठिका म्हणाली आणि थांबली. पिवळा दिवा लागला.

कॉरिडॉरमधून कोणाचं तरी स्ट्रेचर गेलं. अर्धं मिनिट झालं. चन्नवीरनं तोंड उघडलं, नीलांबिकेनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एक मिनिट. डॉक्टरांचं पेन फाइलवर टकटक करत होतं, मग तेही थांबलं. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता, गळ्याची शीर उडत होती. आपलं यंत्र खरंच अडकलं की काय असं नीलांबिकेला वाटलं. हात आपोआप पट्ट्याकडे गेला, झटका द्यायला. तिनं तो मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

दिवा विझला.

"हे... आज नको," कंठिका म्हणाली. दिवा लागला, विझला. "कदाचित... नंतर. माझं ठरलं... नाही."

डॉक्टरांनी कॅमेरा बंद केला, फाइल मिटली. रागावल्या नव्हत्या, पण खुर्ची ओढून बसल्या. असे किती पट्टे बाहेर आहेत, त्यांनी विचारलं. अकरा हजार, नीलांबिका म्हणाली.

चन्नवीर अण्णांच्या पायाशी उकिडवा बसला. मग गेले आठ महिने तुम्ही का काही बोलला नाही, पट्टा भलतंच बोलतोय हे तुम्हाला कळत नव्हतं का, असं त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. पिवळा दिवा बराच वेळ जळला.

"कळत होतं. पट्टा... गोड बोलतो. माझ्यापेक्षा." अण्णांनी दम घेतला. "तू रोज... फोन करायला लागलास. म्हणून चालू दिलं. पण गळा कापून... तोच कायमचा..." पुढे दिवाच जळत राहिला, शब्द आला नाही. अण्णांनी कापरा हात उचलून मुलाच्या डोक्यावर ठेवला. "उद्या पण... कर," कंठिका म्हणाली. "फोन."

पाच वाजता खोलीत दोघंच होती. चन्नवीर घरी न्यायच्या कागदांच्या मागे गेला होता. नीलांबिकेनं फोनवर कंपनीला पत्र लिहिलं. माझी दुरुस्ती चुकीची होती, पंचवीसचा आकडा तातडीनं काढा, नोंदी तपासा, आणि या आठ महिन्यांत ज्यांनी ज्यांनी पट्ट्यातून होकार दिलाय त्या प्रत्येकाला पुन्हा विचारा. भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक मी परत पाठवते आहे, असंही लिहिलं, मग ते वाक्य खोडलं. त्यात तोरा होता. पत्र पाठवलं.

मग अण्णांना चहा दिला, साखर घातलेला. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"अण्णा, आईच्या वेळी मी थांबले नाही." तिनं श्वास घेतला. "तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. मीच विचारते. माझं चुकलं का?"

अण्णांनी कप खाली ठेवला. पिवळा दिवा लागला. त्यांनी मांडीवरचं उपरणं उलगडलं आणि ते दोघांच्या हातांवर पसरलं. आता तर्जनी दाबतील की मधलं बोट धरतील, याची ती वाट बघत राहिली. मग उपरण्याखाली त्यांची कापरी बोटं आली, तिच्या सगळ्या बोटांवरून फिरली, आणि त्यांनी तिचा अंगठा धरला.

चहावर साय धरली. बाहेर जिन्यावर चन्नवीरच्या चपला वाजल्या, दाराशी आल्या आणि तिथेच थांबल्या. पिवळा दिवा जळत होता. नीलांबिकेनं दुसऱ्या हातानं पदर सावरला, स्टूल जरा पुढे घेतलं आणि अंगठा तसाच राहू दिला.